केळं, मेथी आणि हिचं नाक

मिठाला वास नसतो. हे वाक्य मी सुरतेच्या लिंबायतमधल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. समोरची पोरं लूमवर राबणाऱ्यांची, बहुतेक खानदेशातली, घरात अहिराणी आणि रस्त्यावर गुजराती बोलणारी. मी बशीत मीठ घेऊन बाकांमधून फिरायचो, पोरं आळीपाळीने हुंगायची आणि वहीत लिहायची: रंग पांढरा, वास नाही. मग संध्याकाळी मी घरी यायचो, तर माझी बायको आमटीच्या पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, वाफ नाकात घेत म्हणायची की आज मीठ जरा कमी पडलंय. चिमूटभर टाकायची आणि झाकण ठेवायची. जेवायला बसलो की आमटी नेमकी असायची, आणि माझा तिळपापड व्हायचा.

चाखायची मात्र नाही. तिचं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांमधलं. तिथे त्यांच्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय शिजलेलं काही जिभेला लावत नाहीत. चमच्याचं टोक जरी ओठांना लागलं तरी ते उष्टं. म्हणून तिच्या आईने तिला नाकाने स्वयंपाक करायला शिकवलं होतं, आणि चौतीस वर्षं ती तसाच करत आली होती. मी तिला कितीदा तरी समजावलं की अगं, शास्त्राप्रमाणे हे शक्यच नाही, तुझ्या हाताला सवय आहे, त्याला तू वास म्हणतेस. ती म्हणायची, असेल बाई.

लग्नाला दोनच वर्षं झाली असतील, तेव्हा मी एकदा तिची परीक्षा घेतली होती. वरण उकळत होतं, दारात कुणीतरी आलं म्हणून ती बाहेर गेली. मी स्वयंपाकघरात घुसलो, वरणात आणखी एक चमचा मीठ लोटलं आणि सभ्य माणसासारखा पेपर वाचत बसलो. ती परत आली, वाकली, तशीच थांबली. मग सरळ बाहेर येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, वरणाला कोण शिवलं? मी तेव्हाही हे मान्य केलं नाही. माझ्या तोंडावर दिसलं असेल, असं म्हणालो.

गेल्या भाद्रपदात तिला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, अंगात ताकद आली, ती ओट्यापाशी उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी तिने हिंगाची डबी माझ्यासमोर आपटली. किराणावाल्याने फसवलंय, म्हणाली, हिंग म्हणून पीठ दिलंय, जा आणि त्याला दोन शब्द सुनावून या. मला भांडायला आवडतं, हे काही लपलेलं नाही. मी डबी घेऊन दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाचा उद्धार केला. त्याने शांतपणे झाकण उघडलं आणि डबी माझ्या नाकाखाली धरली. असा सणसणीत वास की मला ठसका लागला.

परतीच्या वाटेवर मी चार वेळा तरी डबी उघडून हुंगली असेन. घरी पोचलो तेव्हा दूध उतू जाऊन करपत होतं. जिन्यात वास येत होता. ती गॅसपासून दोन हातांवर पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिने आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या डबीकडे. मला काही सांगावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तापाने वासाची नस दुखावली आहे, औषध असं काही नाही, येईलही, नाहीही येणार. रोज ओळखीचे वास घेत राहा, एवढंच त्यांनी सांगितलं. जिभेचंही अर्धंअधिक गेलं होतं. तरी तिने दोन दिवस नेटाने स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी भाजी अळणी, दुसऱ्या दिवशी आमटी खारट. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, अगं, वास येत नाही तर चाखून बघ ना. ती म्हणाली, देवाच्या आधी? आणि इथे माझी जीभ घसरली. मी म्हणालो, देवाला काय कळतंय मीठ कमी की जास्त!

हातातली पळी तिने ताटलीत ठेवली, गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन बसली. त्यानंतर चार-पाच महिने ती ओट्याशी गेली नाही.

डबा लावला. देवाला रोज केळ्याचे चार काप आणि वर तुळशीचं एक पान, एवढाच नैवेद्य. डब्यातलं ती दोन घास खायची आणि ताट सारायची. माती खाल्ल्यासारखं वाटतं, म्हणायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मला मात्र खाण्यापेक्षा तिच्या बसण्याची भीती वाटायची. आयुष्यभर जिच्या हातची चव सगळ्या गल्लीत सांगितली जायची, ती बाई हॉलमध्ये पाहुण्यासारखी बसून राहायची. एकदा मला म्हणाली, आता हे असंच असेल तर मी कशाच्या कामाची? मी चिडून म्हणालो, असं अभद्र बोलू नकोस. चिडलो, कारण मलाही तेच वाटत होतं, आणि त्यात माझ्या त्या एका वाक्याचा वाटा होता.

डॉक्टरांचं ऐकून मी शाळामास्तरासारखीच तयारी केली. सहा काचेच्या बरण्या आणल्या, त्यांत लवंग, वेलची, कॉफी, सुंठ असं एकेक भरलं, चिठ्ठ्या लावल्या, आणि सकाळ-संध्याकाळचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. तिने वेळापत्रक वाचलं आणि म्हणाली, मी काय तुमच्या नववीतली आहे? बरण्या आठवडाभर तशाच पडून राहिल्या.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डब्यातलं ती टाकत होती, पण प्रसादाचे केळ्याचे काप पूर्ण खात होती, आणि पानसुद्धा. प्रसाद म्हणून खात असेल, असं मला वाटलं. एके दुपारी मी विचारलंच. तिने जरा विचार केला.

"ते पान चावलं की जिभेला काहीतरी लागतं," ती म्हणाली. "काय ते कळत नाही. पण लागतं."

मी तिथून उठलो आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो. आमच्या कोपऱ्यावर भाजीची हातगाडी लावणारी बाई फुदिना आणि गवती चहा एकत्र बांधून जुड्या विकते. सुरतेत सकाळच्या चहात हे दोन्ही नसतील तर लोकांना चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. मी तिच्याकडून जुडी घेतली, कोथिंबीर घेतली, शेजारच्या गाडीवरून पेरू, अननस, पपई, संत्री घेतली. भाजीवाली म्हणाली, सर, घरी पूजा आहे का? मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार.

फळाला शिजवावं लागत नाही, मिठाचा प्रश्न नाही, देवाचा प्रश्न नाही, आणि गॅस पेटवायचा नाही. माझा सगळा विचार एवढाच होता. पहिल्यांदा पेरू कापला. फुदिन्याची चार पानं हातावर चोळून वर टाकली, लिंबू पिळलं. तिला देण्याआधी आपण बघावं म्हणून एक फोड उचलली, आणि का कोण जाणे, ती करायची तसे डोळे मिटले.

काय सांगू! एकसष्ट वर्षांचा होतो मी. इतक्या वर्षांत पेरू काही कमी खाल्ले नव्हते, शाळेच्या दारातले, तिखट-मीठ लावलेले, गाडीवर उभं राहून. पण त्या फोडीत आधी फुदिना नाकात वर चढला, मग त्याच्या मागून पेरूचा तो पिकलेला, गोडसर वास आला, आणि दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी झालं. ते फुदिन्यात नव्हतं आणि पेरूतही नव्हतं. मी ओट्याला धरून उभा राहिलो. मला वाटलं, हे सगळं इथेच होतं, कोपऱ्यावरच्या गाडीवर, आणि मी एका हातात पेपर धरून आयुष्यभर नुसता पोट भरत आलो. आणि ही रोज पातेल्यावर वाकून हेच बघत होती, आणि मी तिला शास्त्र सांगत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

तिला बशी दिली. तिने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. वास नाही, म्हणाली, पण गार लागतंय. पेरूच्या आत कुणी खिडकी उघडल्यासारखं. सबंध पेरू संपला. तीन महिन्यांत एवढं सलग तिने काही खाल्लं नव्हतं.

मग मला त्याचा नादच लागला. अननसात गवती चहाची कोवळी पात बारीक चिरून घातली, तर अननसाचा आंबटपणा असा मऊ झाला की मीच अर्धी वाटी संपवली. पपई मला जन्मात आवडली नव्हती, तिच्यावर कोथिंबीर आणि लिंबू घातल्यावर मी तिची माफी मागितली. संत्र्याच्या फोडींत तुळस घातली, तेव्हा घरात कुणीतरी धुऊन-पुसून गेल्यासारखं वाटलं. चिकूने मात्र कुणाशीच जमवून घेतलं नाही. कोथिंबिरीबरोबर तर तो साबणासारखा लागला, आणि ती बशी मी गुपचूप गायीला घालून आलो. बायको हॉलमधून हे सगळं बघत होती. तिला काही कळायचं, काही नाही. कधी नुसतं गार, कधी आंबट, कधी जिभेच्या कडेला झिणझिण. पण ती थांबून विचार करायची, आणि सांगायची. भिंतीवरचं वेळापत्रक मी फाडून टाकलं.

पौष लागला आणि समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बेन एक झाकलेली वाटी घेऊन आल्या. मी बशा भरभरून फळं कापतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. वाटीत केळ्या-मेथीचं शाक, म्हणजे भाजी होती. पिकलेलं केळं, मेथीची हिरवी पानं, हळद, धणे-जिऱ्याची पूड, आणि सगळ्याला फोडणी. या भागातल्या घरोघरी हे करतात. इतकी वर्षं सुरतेत राहून आम्ही ते कधी तोंडात घातलं नव्हतं.

बायकोने झाकण काढलं आणि तिच्या तोंडून माहेरची अहिराणी बाहेर पडली. "हाई काय शे?" ती म्हणाली, म्हणजे हे काय आहे. बेन गेल्यावर मग तिने मला ऐकवलं. कच्च्या केळ्याची भाजी ठीक आहे. पण पिकलं केळं देवापुढे ठेवायचं, शिकरण करायचं, पोराच्या हातात द्यायचं. त्याला मोहरीच्या फोडणीत घालायचं आणि वर कडू मेथी? केळीच्या बागेत जन्मलेल्या बाईला हे शिकवायला निघालेत. मला बरं वाटलं. तीन महिन्यांनी ती कशावरून तरी तावातावाने बोलत होती.

पण अन्न टाकायचं नाही, म्हणून तिने घास घेतला. चावता चावता थांबली. मी विचारलं, काय झालं? तिने हात वर करून मला गप्प केलं आणि दुसरा घास घेतला.

"आधी कडू येतंय," ती म्हणाली. "आणि त्याच्या मागून गोड. अहो, दोन वेगवेगळे येतायत."

मी गॅलरीत गेलो आणि वाळत घातलेल्या टॉवेलला तोंड पुसत उभा राहिलो. समोर रिक्षांचा गोंगाट चालू होता. त्या दिवशी तिने वाटी पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी बेनच्या स्वयंपाकघरात हजर. त्या भरपूर हसल्या. तुम्ही मराठी लोक केळ्याची नुसती पूजा करता, असं काहीतरी म्हणाल्या, पण शिकवलं मनापासून. मेथी आधी, तेलात, मीठ घालून, म्हणजे तिला पाणी सुटतं आणि कडूपणा नरम होतो. केळं पिकलेलं पण ताठ, अगदी शेवटी घालायचं, आणि सिमेंट कालवल्यासारखं ढवळायचं नाही. दोन वाफा, बस. मी वही नेली होती, सगळं लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी माझा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी मेथी कच्ची राहिली. मी पाच मिनिटांत सहा वेळा चमचा तोंडात घालायचो, आणि तरी चुकायचो. ती निमूटपणे खायची, आणि हॉलमधूनच सूचना द्यायची. केळं कोणतं घ्यायचं ते सालीवरच्या ठिपक्यांवरून तीच ठरवायची. पण माझी भाजी तिने एकदाही देवापुढे नेली नाही. तिथे केळ्याचे चार काप आणि तुळशीचं पान, तेच चालू होतं. उष्ट्या भाजीचा नैवेद्य होत नाही. ती हे बोलली नाही, मला समजत होतं.

माघातल्या एका गुरुवारी मी ठरवलं, आज चाखायचं नाही. देवाला कळतं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. पण तिला लागलं होतं, आणि जे मी बोललो होतो ते परत घ्यायचा दुसरा रस्ता मला सुचत नव्हता. अंघोळ करून ओट्याशी उभा राहिलो. गडबडीत जास्त पडायला नको म्हणून मीठ आधीच मोजून बशीत काढून ठेवलं. फोडणी केली, मेथी घातली. आणि मग जे झालं ते मी कुणाला सांगितलं नसतं. तोंडात पाणी सुटत होतं, हात सवयीने चमच्याकडे जात होता, आणि चाखल्याशिवाय पातेल्यात नेमकं काय चाललंय याचा मला ठाव लागत नव्हता. मी वाकून वाफ घेतली. मेथी, हिंग, तेल, मग केळं. पुढे सगळी भिंत. चौतीस वर्षं ही बाई याच भिंतीपलीकडचं बघत आली होती. मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

दोन वाफा झाल्या. वाटी भरून, वर तुळशीचं पान ठेवून मी देवघरापाशी गेलो. ती वाती वळत बसली होती. मी सांगितलं, आज चाखलेलं नाही. अजिबात नाही. तिने कापूस बाजूला ठेवला, वाटी माझ्या हातातून घेतली, आणि पूर्वीसारखी तिच्यावर वाकली. डोळे मिटले.

मी उभाच. सवय आहे, दुसरं काही नाही, असं मी मनाशी म्हणत होतो. ती बराच वेळ तशीच राहिली. तिच्या नाकपुड्या हलल्या.

"मीठ घातलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

मी म्हणालो, घातलंय, मोजून घातलंय. ती म्हणाली, नाही. मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या बाजूला बशी होती, आणि बशीत मी काढून ठेवलेलं मीठ होतं, एक कणही न हललेलं.

मी त्या बशीकडे बघत राहिलो. मिठावाचून मेथीला पाणी सुटत नाही, वाफ वेगळी होते, वास वेगळा पडतो. असं असेल. किंवा भाजी कोरडी दिसली असेल. कारणं मला दहा सुचली असती, माझा धंदाच तो. पण मला एकही कारण नको होतं.

मागून बांगड्यांचा आवाज आला. ती वाटी घेऊन आली होती. तुळशीचं पान तिने काढून बाजूला ठेवलं, भाजी पातेल्यात परत ओतली आणि गॅस पेटवला. बशीतलं मीठ हातात घेऊन त्यातलं थोडं परत बशीत टाकलं, तुम्हाला अजून अंदाज नाही, म्हणाली, आणि उरलेलं पाण्याच्या शिंतोड्याबरोबर भाजीवर भुरभुरवलं. झाकण ठेवलं. मग झाकण काढून वाकली.

"हं," ती म्हणाली. "आता दाखवा देवाला."

नैवेद्य कसा दाखवतात हे मला नीटसं येत नव्हतं. इतकी वर्षं ते काम तिचंच होतं. मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले आणि वाटी पुन्हा भरून घेतली.